अवकाश-विज्ञानकथेतील प्रमाणकथन आणि संभवनीयता : चाहत्यांच्या वादांचा वाङ्मयीन अर्थ

१

अवकाशप्रवासाच्या विज्ञानकथेला जो निष्ठावंत वाचक लाभला आहे, तो कथा वाचून थांबणारा वाचक नाही. तो कथेची झडती घेतो. यानाचा वेग, इंधनाचा साठा, ग्रहाच्या परिवलनाची दिशा, पूर्वीच्या भागात एखाद्या पात्राविषयी सांगितलेली माहिती या सर्वांची तो नोंद ठेवतो आणि कोठे विसंगती आढळली की तिच्यावर वर्षानुवर्षे वाद घालतो. या वादांचे दोन मुख्य प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात प्रश्न असतो तो संभवनीयतेचा : कथेत सांगितलेली गोष्ट ज्ञात विज्ञानाच्या नियमांत बसते काय? दुसऱ्या प्रकारात प्रश्न असतो तो प्रामाण्याचा : एकाच कथाविश्वाविषयी अनेक कादंबऱ्या, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका निर्माण झालेल्या असताना त्यांपैकी कोणती कथने त्या विश्वात 'घडली' असे मानावयाचे आणि कोणती बाजूला ठेवावयाची? अशा मान्य कथनसमूहाला चाहत्यांच्या परिभाषेत 'कॅनन' म्हणतात. येथे त्यासाठी 'प्रमाणकथन' ही संज्ञा योजली आहे.

या वादांकडे वाङ्मयसमीक्षेने दीर्घकाळ एक विरंगुळा म्हणूनच पाहिले. हेन्री जेंकिन्स यांच्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथाने चाहत्यांच्या वाचनव्यवहाराच्या गंभीर अभ्यासाला चालना दिली; परंतु त्या अभ्यासाचा भर वाचकसमूहाच्या सांस्कृतिक वर्तनावर राहिला. वाद ज्या मुद्द्यांवर चालतात ते मुद्दे स्वतः वाङ्मयीन आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे काहीसा मागे पडला. काल्पनिक यानाचा वेग चुकला तर कलाकृतीचे काय बिघडते, असा आक्षेप साहित्याचा अभ्यासक सहज घेईल, आणि तो निराधारही नाही. तथापि या वादांतील काही ठळक उदाहरणे बारकाईने पाहिली, तर वरवर भिन्न वाटणारे हे दोन्ही वाद एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात असे दिसते. तो प्रश्न असा : कथेने स्वतःवर घालून घेतलेले बंधन तिला सोयीनुसार सोडता येते काय? आणि सोडल्यास तिच्या आशयाला कोणती किंमत द्यावी लागते?

२

'कॅनन' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मोजण्याची काठी असा आहे. ख्रिस्ती परंपरेत तो प्रमाण मानलेल्या धर्मग्रंथांच्या समूहासाठी रूढ झाला. ललित साहित्याच्या चाहत्यांनी तो उचलला तो शेरलॉक होम्सच्या निमित्ताने. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सेसाठी विद्वान वापरीत असलेली पद्धत त्यात त्यांनी होम्सकथांना मोठ्या गांभीर्याचा आव आणून लावली होती. कॉनन डॉइल यांच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या मिळून होणाऱ्या ६० संहितांना होम्सचे चाहते आजही 'कॅनन' म्हणतात. १८८७ मधील पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसन यांची युद्धातील जखम खांद्याला आहे, तर १८९० मधील दुसऱ्या कादंबरीत ती पायाला आहे. ही लेखकाची विस्मृती आहे असे म्हणून विषय संपविता येतो. पण चाहते तो संपवीत नाहीत. दोन्ही विधाने सत्य मानून त्यांचा मेळ घालणे हाच त्यांच्या खेळाचा नियम असतो.

मराठी अभ्यासकाला हा व्यवहार अनोळखी वाटू नये. पाठभेद, प्रक्षेप, एकवाक्यता या संज्ञा आपल्या संहिताचिकित्सेत आणि मीमांसेत मुरलेल्या आहेत. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यामागेही ग्रंथाच्या सीमा निश्चित करण्याचीच प्रेरणा होती. फरक आहे तो श्रद्धेच्या स्वरूपाचा. होम्सचा चाहता ज्या संहितेला प्रमाण मानतो ती कल्पित आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. कल्पित म्हणून ओळखलेल्या गोष्टीला नियम लावणे आणि ते नियम कसोशीने पाळणे, हे या वाचनाचे वैशिष्ट्य होय.

विज्ञानकथेच्या क्षेत्रात या वाचनाला सार्वजनिक व्यासपीठ मिळाले ते नियतकालिकांमुळे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. त्याच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे पत्ते छापले जात. त्यामुळे वाचक एकमेकांना परस्पर लिहू लागले, मंडळे स्थापन झाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. चूक दाखविणारा वाचक, तिचा खुलासा करणारा लेखक आणि दोघांत मध्यस्थी करणारा संपादक असा त्रिकोण या साहित्यप्रकाराच्या घडणीतच आहे. कथा प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर वाद होतो इतकेच नव्हे, तर असा वाद होणार हे गृहीत धरूनच येथील लेखक लिहीत आला आहे.

३

संभवनीयतेच्या वादाचे सर्वांत निर्मळ रूप हॅल क्लेमेंट यांच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या कादंबरीच्या निमित्ताने दिसते. ती १९५३ मध्ये 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. क्लेमेंट हे हॅरी स्टब्ज या विज्ञानशिक्षकाचे टोपणनाव. त्यांनी कल्पिलेला मेस्क्लिन हा ग्रह सुमारे १८ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. या प्रचंड वेगामुळे तो तबकडीसारखा चपटा झाला आहे. त्याच्या विषुववृत्तावर वस्तूचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या ३ पट, तर ध्रुवाजवळ सुमारे ७०० पट भरते. कादंबरी क्रमशः चालू असतानाच त्याच मासिकात क्लेमेंट यांनी एक लेख लिहून या ग्रहाची रचना कशी केली ते उघड केले. लेखकाने नियमांत राहावे आणि वाचकाने चूक शोधावी, असा हा खेळ असल्याची त्यांची भूमिका होती. पुढे अधिक काटेकोर गणित झाले तेव्हा ध्रुवावरील गुरुत्वाचा आकडा बराच कमी यावयास हवा होता असे दिसून आले, आणि क्लेमेंट यांनी ते मान्य केले.

या चुकीने कादंबरी कोसळली नाही. तिचे कारण पाहण्यासारखे आहे. मेस्क्लिनचे रहिवासी लांबट, बुटके, जमिनीला चिकटून चालणारे प्राणी आहेत. जेथे थोड्या उंचीवरून पडणे म्हणजे मृत्यू, तेथे उंचीचे आणि डोक्यावर असलेल्या कोणत्याही जड वस्तूचे भय त्यांच्या मनात खोल रुजलेले आहे. कथेच्या ओघात त्यांचा नायक या भयावर मात करण्यास शिकतो. गुरुत्व ७०० पट असो की त्याच्या निम्म्याहून कमी असो, ते भय तितकेच खरे राहते. म्हणजे येथे भौतिकी ही पात्रांच्या मनोरचनेचे कारण आहे. वाचकांनी आकडा दुरुस्त केला, परंतु कारण आणि कार्य यांतील संबंध अबाधित राहिला.

लॅरी निव्हन यांच्या 'रिंगवर्ल्ड' (१९७०) या कादंबरीचा इतिहास याहून बोलका आहे. एका ताऱ्याभोवती, पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे साधारण तितक्याच अंतरावर, सुमारे १६ लक्ष किलोमीटर रुंदीचे एक अखंड कडे बांधलेले आहे आणि त्याच्या आतील पृष्ठभागावर सागर, पर्वत व वस्ती आहे, अशी ही कल्पना. कडे सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर या वेगाने फिरते आणि त्यामुळे आतील पृष्ठभागावर पृथ्वीसारखे वजन जाणवते. कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत एक ढोबळ चूक होती. आपला वाढदिवस लांबविण्यासाठी नायक पृथ्वीवर एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणार्धात जात राहतो. पण तो चुकीच्या दिशेने जातो. पश्चिमेकडे जाण्याऐवजी तो पूर्वेकडे जात असल्यामुळे त्याचा दिवस लांबण्याऐवजी लवकर संपावा. पुढील मुद्रणात दिशा बदलण्यात आली आणि चूक कायमची मिटली.

दुसरा दोष असा शब्द बदलून मिटणारा नव्हता. १९७१ मध्ये बॉस्टन येथे भरलेल्या जागतिक संमेलनात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी हे कडेविश्व अस्थिर असल्याच्या घोषणा दिल्या, असे निव्हन यांनीच नमूद केले आहे. विद्यार्थ्यांचे म्हणणे बरोबर होते. ग्रह ताऱ्याभोवती कक्षेत फिरतो. अखंड कडे मात्र या अर्थाने कक्षेत नसते. तारा कड्याच्या बरोबर मध्यावर असेपर्यंत सर्व बाजूंची ओढ समतोल राहते. परंतु कडे जरासे जरी सरकले, तरी जी बाजू ताऱ्याजवळ गेली ती अधिक ओढली जाते आणि सरकणे वाढतच जाऊन शेवटी कडे ताऱ्यावर आदळते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी शनीच्या कड्यांवरील आपल्या १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात हेच दाखविले होते. शनीभोवतीचे कडे अखंड व घन असते तर ते टिकले नसते. म्हणून ते असंख्य सुट्या कणांचे असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७१ च्या विद्यार्थ्यांनी एका कादंबरीविरुद्ध शतकापूर्वीचे खगोलशास्त्र उभे केले होते.

निव्हन यांनी दिलेले उत्तर म्हणजे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द रिंगवर्ल्ड एंजिनिअर्स' ही दुसरी कादंबरी. तिच्यात कड्याच्या काठांवर त्याला मध्यावर ठेवणारी प्रचंड इंजिने असल्याचे सांगितले आहे. केवळ एवढेच सांगितले असते तर ती एक सोयीची डागडुजी ठरली असती. परंतु कादंबरीनुसार तेथील एका समाजाने यांतील बहुतेक इंजिने काढून आपल्या यानांना लावली आहेत. परिणामी कडे सरकू लागले असून त्यावरील अगणित जिवांचा नाश जवळ आला आहे. वाचकांनी दाखविलेली अस्थिरता लेखकाने नाकारली नाही, झाकलीही नाही. ती कथाविश्वातील मानवी कृत्याचा परिणाम म्हणून स्वीकारली. पहिल्या कादंबरीतील उणीव दुसऱ्या कादंबरीत संकट झाली. चाहत्यांच्या आक्षेपातून कथेचा आशय वाढल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

४

प्रमाणकथनाच्या वादात चूक निसर्गनियमांच्या संदर्भात नसते. ती पूर्वकथनाच्या संदर्भात असते. 'स्टार ट्रेक' (१९६६–६९) या मालिकेतील क्लिंगॉन ही शत्रुजमात सुरुवातीला जवळजवळ माणसांसारखीच दिसत असे. १९७९ च्या चित्रपटात रंगभूषेला अधिक पैसा उपलब्ध होताच तिच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. कारण उघड आहे आणि ते कथेच्या बाहेरचे आहे. परंतु कथेच्या आत काय घडले, हा प्रश्न चाहत्यांनी सोडला नाही. १९९६ मधील एका भागात पात्रे कालप्रवास करून जुन्या मालिकेच्या काळात जातात आणि तेथे हा फरक सर्वांच्या डोळ्यांवर येतो. त्या वेळी क्लिंगॉन पात्र, हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन मोकळे होते. २००५ मध्ये मात्र दोन भाग खर्ची घालून, फसलेल्या जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या रोगाचे स्पष्टीकरण देण्यात आले. यांपैकी पहिले उत्तर अधिक समाधानकारक आहे असे मानणारा वाचक वाङ्मयीन निर्णयच देत असतो. त्या एका उत्तरात एका जमातीचा अहंकार आणि तिची दडविलेली लाज दिसते. दुसऱ्या उत्तरात माहिती आहे. पण ती माहिती आता विषय संपविते.

या वादांची दुसरी बाजू अधिकाराची आहे. 'स्टार ट्रेक'च्या बाबतीत पडद्यावर दिसते ते प्रमाण आणि कादंबऱ्या अप्रमाण, असा साधारण संकेत रूढ झाला. तरी १९७३–७४ ची चित्रमालिका निर्माता जीन रॉडनबेरी यांनी पुढे प्रमाणकथनाबाहेर ठेवली आणि नंतरच्या काळात ती पुन्हा आत घेतली गेली. 'स्टार वॉर्स'ची स्थिती वेगळी होती. टिमोथी झान यांच्या १९९१ मधील 'एअर टू द एम्पायर' या कादंबरीपासून चित्रपटांच्या पुढील काळातील घटना सांगणारे कादंबऱ्यांचे आणि चित्रकथांचे एक विस्तृत दालन निर्माण झाले. सुमारे दोन दशके वाचक त्यातील जन्म, विवाह व मृत्यू त्या विश्वाचा इतिहास म्हणून वाचत आले. २०१२ मध्ये ल्युकासफिल्म ही संस्था डिस्नेच्या ताब्यात गेली, नव्या चित्रपटांची योजना झाली आणि एप्रिल २०१४ मध्ये एका घोषणेने हे सर्व दालन 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा, या सदरात टाकण्यात आले.

चाहत्यांच्या संतापाला येथे हास्यास्पद म्हणणे सोपे आहे. जे कधी घडलेच नव्हते ते आता घडले नाही असे जाहीर झाल्याने कोणाचे काय गेले? परंतु वाचनाच्या अनुभवाकडे पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळते. मालिकास्वरूपी कथेत पात्राच्या मृत्यूला जे वजन प्राप्त होते, ते 'हे आता परत फिरणार नाही' या विश्वासामुळे. तो विश्वास एका पत्रकाने काढून घेता येतो हे एकदा कळले, की पुढील प्रत्येक मृत्यूही तात्पुरता वाटू लागतो. उलट बाजूही आहे. झान यांच्या त्या कादंबरीतील थ्रॉन हा सेनापती वाचकांच्या मनातून गेला नाही आणि २०१६ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेतून तो प्रमाणकथनात परत आला. मालकी हक्काने कोणते कथन अधिकृत ते ठरविता येते. कोणते कथन जिवंत राहील, हे मात्र त्या हक्काच्या कक्षेबाहेरचे आहे.

५

दोन्ही वाद एकाच वाक्यात भेटल्याचे प्रसिद्ध उदाहरण १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात आहे. हान सोलो हा यानचालक आपले यान किती वेगवान आहे हे सांगताना एक अवघड प्रवास आपण बारा पारसेकांपेक्षा कमात केल्याची बढाई मारतो. पारसेक हे काळाचे परिमाण नसून अंतराचे आहे. एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. या एका शब्दावर तीन प्रकारची स्पष्टीकरणे झाली. पहिले, लेखकाची चूक. दुसरे, सोलो अडाणी ग्राहकांना फसवीत आहे. छापील पटकथेत ऐकणाऱ्याची जी प्रतिक्रिया सुचविली आहे ती या अर्थाला पुष्टी देते. तिसरे, तो मार्ग कृष्णविवरांच्या समूहाजवळून जातो आणि धाडसी चालक जवळचा मार्ग काढून अंतरच कमी करतो. म्हणून परिमाण बरोबरच आहे. हे तिसरे स्पष्टीकरण कादंबऱ्यांतून विकसित झाले आणि 'सोलो' (२०१८) या चित्रपटात त्याला काहीशा बदललेल्या रूपात दृश्य आकार मिळाला.

विज्ञानाच्या दृष्टीने तिसरे स्पष्टीकरण सर्वांत परिपूर्ण आहे. वाङ्मयीन दृष्टीने ते सर्वांत दुबळे ठरण्याचा संभव होता. दुसऱ्या स्पष्टीकरणात एक माणूस दिसतो : कर्जात बुडालेला, आत्मविश्वासाचा आव आणणारा, समोरच्याच्या अज्ञानावर भिस्त ठेवणारा. तिसऱ्यात विधान खरे ठरते आणि माणूस पुसट होतो. २०१८ च्या पटकथाकारांना ही अडचण जाणवली असावी. कारण तेथेही आकडा थोडा खाली ओढल्यावाचून बारा होत नाही, आणि बढाई काही अंशी शिल्लक राहते.

आर्थर सी. क्लार्क यांनी अशाच पेचातून वेगळी वाट काढली. '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या (१९६८) चित्रपटात यान गुरूकडे जाते, तर त्याच वर्षीच्या कादंबरीत ते शनीकडे जाते. १९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली आणि त्याच्या उपग्रहांविषयी अनपेक्षित माहिती हाती आली. १९८२ मध्ये 'ओडिसी टू' लिहिताना क्लार्क यांनी स्वतःची कादंबरी बाजूला ठेवून चित्रपटातील गुरू स्वीकारला. पुढील भागाच्या प्रास्ताविकात त्यांनी या कादंबऱ्या एकाच विश्वात घडतात असे मानण्याचे कारण नाही, त्या एका सूत्रावरील भिन्न रचना आहेत, अशी भूमिका घेतली. म्हणजे विज्ञानाशी निष्ठा आणि पूर्वकथनाशी निष्ठा यांपैकी एक निवडावयाची झाल्यावर त्यांनी पहिली निवडली आणि तसे उघड सांगितले. क्लार्क यांच्या बाबतीत बंधन मोडले गेले. परंतु वाचकापासून ते लपविले गेले नाही.

६

या चर्चेतील सर्वांत गंभीर प्रकरण टॉम गॉडविन यांच्या 'द कोल्ड इक्वेशन्स' या कथेचे आहे. ती 'अस्टाउंडिंग'च्या ऑगस्ट १९५४ च्या अंकात प्रसिद्ध झाली. एका दूरच्या ग्रहावर तापाने आजारी पडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक छोटे यान निघाले आहे. त्यात नेमके आवश्यक तेवढेच इंधन आहे. भावाला भेटण्यासाठी एक अठरा वर्षांची मुलगी त्यात लपून बसली आहे. तिच्या वजनासह यान सुरक्षित उतरू शकत नाही. म्हणून तिला अवकाशात सोडावे लागते. गॉडविन मुलीला वाचविण्याच्या युक्त्या योजत होते आणि संपादक जॉन कॅम्पबेल यांनी प्रत्येक वेळी कथा परत पाठवून हा शेवट करवून घेतला. निसर्गनियम दयामाया जाणत नाहीत, हे ऐन वेळी सुटका करणाऱ्या कथांच्या परंपरेला दिलेले उत्तर होते. १९७० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने निवडलेल्या श्रेष्ठ कथांच्या संग्रहात तिचा समावेश झाला.

वाचकांचे आक्षेप मात्र थांबले नाहीत. प्रारंभी ते तांत्रिक वाटतात. यानात कपाट आहे, त्याला दार आहे, आसन आहे, शस्त्र आहे. मुलीच्या वजनाइतके सामान बाहेर टाकता आले नसते काय? 'अस्टाउंडिंग'चेच पुढील रूप असलेल्या 'ॲनालॉग' मासिकात १९९१ मध्ये डॉन सेकर्स यांनी 'द कोल्ड सोल्यूशन' ही कथा लिहून वजन कमी करण्याचा एक भीषण, परंतु जीव वाचविणारा मार्ग सुचविला. हळूहळू आक्षेपाचा रोख बदलत गेला. लपून आलेल्या प्रवाशाला बाहेर टाकावे असा लेखी नियम कथेतच आहे. याचा अर्थ असे प्रवासी येऊ शकतात हे व्यवस्थेला आधीपासून माहीत होते. मग दाराला कुलूप का नाही? निघण्यापूर्वी यानाची झडती का नाही? इंधनात थोडीही शिल्लक का नाही? २०१४ मध्ये लेखक कोरी डॉक्टरो यांनी हाच मुद्दा नैतिक स्वरूपात मांडला. त्यांच्या मते समीकरणे निष्ठुर आहेतच. पण त्यांत घातलेले आकडे माणसांनी ठरविलेले आहेत, आणि कथा त्या माणसांना नजरेआड करते.

येथे संभवनीयतेचा वाद तंत्रज्ञानाच्या सीमा ओलांडून आशयाच्या गाभ्यापर्यंत पोचतो. या कथेचा सर्व करुणरस 'दुसरा मार्ग नव्हता' या एका विधानावर उभा आहे. ते विधान निसर्गनियमाचे असेल तर कथा शोकात्म आहे. ते व्यवस्थेच्या हलगर्जीपणाचे असेल तर हा मृत्यू टळण्यासारखा होता. आणि त्याला अटळ म्हणणारी कथा दोषी व्यवस्थेची वकिली करते. कपाटाच्या दाराचे वजन मोजणारा वाचक, म्हणूनच, क्षुल्लक तपशिलात अडकलेला नसतो. विज्ञानाच्या नावावर खपविलेले एक मानवी कृत्य तो विज्ञानापासून वेगळे करीत असतो. कथेचे समर्थक यावर म्हणतात की, प्रत्येक शोकात्म कथेत कोणीतरी कुलूप लावावयाचे विसरलेलेच असते आणि परिस्थितीची अपरिहार्यता ही लेखकाने दिलेली अट म्हणून स्वीकारली पाहिजे. हे उत्तर बिनतोड नाही, पण टाकाऊही नाही. दोन्ही बाजूंनी वाद इतकी दशके टिकला, तो यामुळेच.

७

या उदाहरणांवरून एक निकष हाती लागतो, आणि त्याचे मूळ फार जुने आहे. अॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या पंचविसाव्या प्रकरणात कवीच्या चुकांचे दोन वर्ग केले आहेत : काव्यकलेच्या गाभ्याशी संबंधित आणि केवळ आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा, ती ओळखू न येईल अशी रंगविण्यापेक्षा, लहान दोष होय. विज्ञानकथेलाही हा भेद लागू पडतो. मात्र एक महत्त्वाची पुस्ती जोडून. कोणता तपशील आनुषंगिक आणि कोणता गाभ्याचा, हे तपशिलाच्या आकारावरून ठरत नाही. कथेने आपला भार कशावर टाकला आहे यावरून ते ठरते. मेस्क्लिनच्या ध्रुवावरील आकडा चुकला तरी भार कार्यकारणसंबंधावर असल्याने कथा उभी राहते. पृथ्वीच्या परिवलनाची दिशा छापखान्यात दुरुस्त होते. कडेविश्वाची स्थिरता ही मात्र संपूर्ण कल्पनेचा आधार असल्यामुळे तिला एक कादंबरी द्यावी लागली. आणि 'द कोल्ड इक्वेशन्स'मध्ये सर्व नैतिक भार इंधनाच्या हिशेबावर असल्याने तो हिशेब तपासणे हेच त्या कथेचे समीक्षण ठरते.

प्रमाणकथनाच्या वादालाही हाच निकष लावता येतो. क्लिंगॉनच्या कपाळाचा बदल आनुषंगिक होता; त्याचे सविस्तर स्पष्टीकरण अनावश्यक होते. २०१४ च्या घोषणेने मात्र वाचकांनी ज्या घटनांवर भावनिक भार टाकला होता त्याच घटना काढून घेतल्या. एका वादात निसर्गाचा नियम आणि दुसऱ्यात पूर्वी दिलेला शब्द, अशी बंधने वेगळी असली तरी त्यांचे कार्य एकच आहे. कथेतील कृतीला परिणाम असावा आणि तो परिणाम लेखकाच्या, संपादकाच्या किंवा मालकाच्या सोयीने पुसला जाऊ नये, यासाठी ती असतात. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. अवकाशकथेच्या चाहत्याची तक्रार बहुतेक वेळा अशाच एखाद्या औचित्यभंगाची असते, जरी ती गणिताच्या भाषेत मांडलेली असली तरी.

या संदर्भात मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक घटना अर्थपूर्ण वाटते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने मांडली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने येणारे प्रामाण्य बाजूला ठेवल्यामुळे परीक्षकांपुढे फक्त संहिता उरली. चाहत्यांचे वाद, त्यांतील अतिरेक आणि हट्ट वजा केल्यास, वेगळे काही मागत नाहीत. लेखकाची कीर्ती, संपादकाचा आग्रह अथवा मालकाचे पत्रक यांनी कथेला अधिकृतपणा मिळतो. विश्वसनीयता मात्र तिने स्वीकारलेल्या अटी शेवटपर्यंत पाळण्यातूनच तिला मिळवावी लागते. पदव्युत्तर वर्गात विज्ञानकथा शिकविताना 'यातील विज्ञान बरोबर आहे काय' या प्रश्नापाशी थांबण्याऐवजी 'या विज्ञानावर कथेने काय उभे केले आहे' असे विचारले, तर या साहित्यप्रकाराची समीक्षा आणि त्याच्या चाहत्यांचा व्यासंग यांच्यातील अंतर बरेच कमी होईल.